सहा महिन्यांची गैरहजेरी

आमच्या घरात दसऱ्याची चाहूल कानशीच्या आवाजानं लागायची. आण्णा सकाळी अंगणात उकिडवे बसायचे, कोयता पायाच्या अंगठ्याखाली दाबून धरायचे आणि पात्यावरून कानस ओढायचे. खर्र, खर्र. मध्येच थांबून पात्यावर बोट फिरवायचं, पुन्हा खर्र. वस्तीवरच्या प्रत्येक अंगणातून तोच आवाज यायचा. पाथर्डीच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी आमची वीस-बावीस घरांची वस्ती. गाव ओढ्याच्या पलीकडं. जमीन सगळ्यांना होती, पण पावसाच्या भरवशावर बाजरी देण्यापुरती. बाजरी घरात आली की शिवारात करण्यासारखं काही उरायचं नाही. मग ऊसतोडीचे ट्रक यायचे. पत्र्याची पेटी, तवा, बाजरीचं पोतं, पाटीखाली झाकलेल्या कोंबड्या, अंथरुणं असं सगळं ट्रकात चढायचं आणि वस्ती श्रीगोंद्याकडच्या उसात निघून जायची, ती गुढीपाडव्याच्या पुढं-मागं परतायची. माझ्या वर्गात दिवाळीच्या सुट्टीनंतर निम्मे बाक रिकामे असायचे. गुरुजी हजेरी घेताना त्या नावांपाशी थांबायचेसुद्धा नाहीत.

मी मात्र नववीपर्यंत त्या रिकाम्या बाकांमध्ये बसून राहिले होते, कारण आजी होती तोवर आई-आण्णा मला आणि छबीला तिच्यापाशी ठेवून जायचे. छबी माझ्याहून पाच वर्षांनी लहान. आजी गेली तेव्हा आईच्या बहिणीनं, आमच्या मावशीनं, सांगितलं होतं की यंदा पोरींना माझ्याकडं धाडा, दोघींची शाळा माझ्या गावातनं हुईल. आईनं ते मनाशी पक्कं केलं होतं. आई शाळेत गेली नव्हती, पण आमच्या शाळेचं तिला फार अप्रूप होतं. सकाळी हुलग्याचं माडगं ढवळता ढवळता ती मला पुस्तकातलं काहीही मोठ्यानं वाचायला लावायची. इतिहास असो, भूगोल असो, ती ऐकायची, आणि मध्येच डाव तसाच धरून विचारायची, "मंग त्या राजाच्या बायकूचं काय झालं?" पुस्तकात त्याचं उत्तर नसायचं.

त्या वर्षी पावसाळ्यात ग्रामपंचायतीची निवडणूक आली. गावात तात्यांचं मोठं घर होतं. तीन भाऊ, तीन विहिरी, एक ट्रॅक्टर, आणि सरपंचपद त्यांच्या घरातून बाहेर कधी गेलेलं कुणी पाहिलं नव्हतं. यंदा ते पद बाईसाठी राखीव निघालं. तात्यांची मालकीण कधीच वारलेली. दोन भावजया होत्या, पण एकीला सरपंच केलं तर दुसरी घर फोडील अशी त्या दोघींची तऱ्हा सगळ्या गावाला माहीत होती. एके दिवशी तिन्हीसांजेला तात्या ओढा ओलांडून स्वतः आमच्या अंगणात आले. आण्णांची धांदल उडाली. मी पोत्यावर घोंगडी अंथरली. तात्या बसले, पाणी प्यायले आणि दारात उभ्या असलेल्या आईकडं न बघता आण्णांना म्हणाले, "वस्तीची जागा बाईला सुटली हाय. गयाबाईचं नाव दिऊन टाक. सरपंच बी तिलाच करू."

आण्णांना वाटलं थट्टा चाललीय. "तात्या, तिला सही बी येत न्हाई."

"आंगठा येतो न्हवं? निस्तं नाव पायजे. दसऱ्याला तुमी जाताल, पाडव्याला येताल. मधलं आमी बघू. उपसरपंच आपला धाकटा हाय की."

तात्या गेल्यावर आईनं चुलीवर तवा ठेवला. मग भाकरी थापता थापता मला म्हणाली, "मंदे, सरपंच काय करतो गं?" मला तरी कुठं माहीत होतं. मी म्हटलं, उद्या सरांना विचारते.

नागरिकशास्त्र शिकवायला आम्हाला शिंदे सर होते. बारीक, चष्म्याचे, सायकलवरून तीन कोस येणारे. त्यांच्या विषयात गुण कमी, म्हणून तो तास पोरं झोपून काढायची. पण सर त्या तासाला इस्त्रीचा शर्ट घालून येत. आईची निवड झाल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात 'घटनादुरुस्ती' लिहिलं. देशाची घटना एकदा लिहिली म्हणजे ती दगडावरची रेघ झाली असं नाही, ते सांगत होते. लोकांना गरज पडली तर ती बदलता येते, पण सहज नाही. लोकसभा आणि राज्यसभा, दोन्हीकडं बदल वेगवेगळा मंजूर व्हावा लागतो. हजर राहून मत देणाऱ्यांपैकी तीनातले दोन बाजूनं पाहिजेत, शिवाय सभागृहात जेवढे सभासद असतील त्यांच्या निम्म्याहून जास्त पाहिजेत. काही बदलांना निम्म्या राज्यांच्या विधानसभांनीही होकार द्यावा लागतो. मग राष्ट्रपतींची सही. आणि एवढं करूनसुद्धा घटनेचा मूळ गाभा मोडता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलंय. सरांनी खडू खाली ठेवला आणि माझ्याकडं बोट केलं. "अशीच एक दुरुस्ती झाली, पंचायतीत बायांना जागा राखीव झाल्या, म्हणून आपल्या मंदाची आई आज सरपंच आहे. घटना दिल्लीत असते असं वाटतं ना तुम्हाला? ती ओढ्यापलीकडच्या वस्तीवर आलीय." सगळा वर्ग मागं वळून माझ्याकडं बघू लागला. माझे कान तापले. उभ्या आयुष्यात एवढा अभिमान मला पुन्हा कधी वाटला नाही.

आता रोज मोबाईलवर कुणीतरी सांगत असतं की घटना बदलणार, दुसरा सांगतो की आम्ही बदलू देणार नाही. मी अंगणवाडीत सेविका आहे, पोरांना सोडायला येणाऱ्या बाया खिचडी शिजेपर्यंत दारात टेकतात आणि मला विचारतात, "ताई, बदलता येती का वो ती?" मी त्यांना शिंदे सरांचं सगळं जसंच्या तसं सांगते. तीनातले दोन, निम्म्याहून जास्त, निम्मी राज्यं. इतक्या वर्षांनी त्यातला एक शब्द इकडचा तिकडं होत नाही. एक दुरुस्ती आमच्या घरात येऊन राहिली होती, तिचं पुढं काय झालं ते मात्र मी त्यांना सांगत नाही.

श्रावण-भादव्यात आई पंचायतीत जायला लागली. लुगडं धुऊन वाळत टाकायचं आणि तेच नेसायचं, कारण चांगलं असं एकच होतं. शाळा सुटल्यावर मी तिच्या सोबतीला जायची. ग्रामसेवक ठराव वाचून दाखवायचे, पण आई त्यांचं ऐकून घेऊन ते बुक माझ्यापुढं सरकवायची. "तू वाच." पहिल्यांदा वाचलं तेव्हा सभेत आई काही बोललीच नव्हती, तरी 'सरपंचांच्या सूचनेवरून' असं तीन ठिकाणी लिहिलेलं निघालं. आई म्हणाली, "म्या तर सूचना केली न्हाई." ग्रामसेवक हसले. वाईट माणूस नव्हता तो, फक्त नोकरी जपणारा होता. पुढच्या सभेला आईनं सूचना केली. आमच्या वस्तीचा ओढा पावसाळ्यात चढला की पोरांची शाळा बुडते, तिथं ओलांडायला फरशी टाका. उपसरपंच, म्हणजे तात्यांचे धाकटे भाऊ, म्हणाले बघू. आई म्हणाली, "बघू न्हाई. लिवा." आणि ग्रामसेवकांनी लिहिलं. त्या दिवशी येताना आई इतक्या भराभर चालत होती की मला तिच्याबरोबर पळावं लागलं. तोवर मी तिला सही शिकवली होती. 'गयाबाई'तला 'ग' तिला जमायचा नाही, काना निसटून बाजूला पडायचा. चुलीपुढच्या राखेत बोटानं ती तो पुन्हा पुन्हा काढायची.

दसऱ्याला पंधरा दिवस राहिले असताना ग्रामसेवकांनी आईला थांबवून घेतलं. बाहेर कुणी नाही बघून हळूच म्हणाले, "बाई, तुम्ही तोडीला चाललाय ना? एक सांगतो. सलग सहा महिने सभेला गैरहजर राहिलं तर सभासदत्व जातं. मग सरपंचपदही जातं."

आईला पहिल्यांदा समजलंच नाही. मी तिला समजावून सांगितलं. आम्ही दसऱ्यानंतर निघणार, पाडवा उलटल्यावर येणार. तिनं बोटांच्या पेरांवर महिने मोजले. मोजून झाल्यावर तिनं पुन्हा पहिल्यापासून मोजले.

"तात्यांना हे म्हाईत हाय का?"

ग्रामसेवक टेबलावरचे कागद सारखे करू लागले. मग म्हणाले, "रजेचा अर्ज करता येतो. पंचायतीनं मंजूर केला तर पद राहतं."

अर्ज मी लिहिला, वहीचं मधलं पान काढून, माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात. आईनं खाली सही केली, कान्यासकट. सभेत अर्ज निघाला तेव्हा मी दाराबाहेर उभी होते. तात्यांची थोरली भावजयही सभासद होती, पण तिच्या जागेवर तिचा नवराच बसला होता. कुणीही नको म्हणालं नाही. "पुढच्या मीटिंगला घिऊ," एवढंच उपसरपंच म्हणाले. पुढची सभा आमचा ट्रक निघाल्यावर होती. बाहेर तात्या पारावर बसले होते, त्यांनी आईला हाक मारून सांगितलं, "रजा कशाला लागती, गयाबाई? तू बिनघोर जा. कागदाचं आमी बघतो."

त्या संध्याकाळी मी उंबऱ्यावर बसून हुलगे निवडत होते. शेंगोळ्यांसाठी दळायचे होते, वाटेत बांधून न्यायला. छबी तिच्या बाहुलीला झोपवत होती. आण्णा बाहेरून आले, हातपाय धुतले आणि ताटावर बसले. आईनं भाकरी वाढली आणि उभ्यानंच म्हणाली, "म्या न्हाई येनार औंदा."

आण्णांचा घास हातातच राहिला. "मुकादमाकडं आपलं नाव लागलंय."

"म्हाईत हाय."

"आगं, कोयता एकल्याचा नसतो. मी तोडीन, मोळ्या कोन बांधंल? गाडी कोन भरंल?"

वाचणाऱ्याला माहीत नसेल म्हणून सांगते. आमच्याकडं नवरा-बायकोच्या जोडीलाच एक कोयता म्हणतात. एकट्या माणसाला टोळीत कुणी घेत नाही. अर्धा कोयता म्हणजे काहीच नाही.

आईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "मंदी यील."

माझा हात सुपातच थांबला. मला वाटलं होतं, हे कधी कुणी बोललंच तर आण्णा बोलतील. आण्णाच उलट म्हणाले, "येडी का काय तू? नववीला हाय पोरगी. मावशीकडं जायचं ठरलंय तिचं."

"एक हंगाम. येकच. म्होरच्या वर्साला बसंल परत शाळंत."

"आन् तू हितं काय करनार? त्या लोकांपुढं तुझं काय चालनार हाय?"

"चालंल न चालंल. पर गेले तर त्ये लिवतेल, बाई टिकली न्हाई म्हनून. मंग म्होरं वस्तीवरच्या बाईला कोन इचारनार न्हाई."

आण्णा जेवले नाहीत. मी निवडलेले हुलगे आणि खडे पुन्हा एकत्र करून टाकले आणि पुन्हा निवडायला घेतले. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं ते मला आजही ठरवता येत नाही. फळ्यापुढं माझ्याकडं रोखलेलं सरांचं बोट अजून ताजं होतं.

शिंदे सरांना कळलं तसे ते सायकल घेऊन वस्तीवर आले. आईनं चहा ठेवला. सर घोंगडीवर ताठ बसून म्हणाले, "बाई, घटनेनं तुम्हाला जागा दिली ती मुलीची शाळा काढून घ्यायला दिली नाही."

आईनं कप त्यांच्यापुढं ठेवला. "खरं हाय, सर. मंग तुमीच सांगा, म्या हितं बसायचं तर तिकडं कोन जाईल? तुमी पोरींना सांगितलं म्हनं, दिल्लीत तीनातल्या दोघांनी हात वर केलं तवा ही जागा झाली. इतकी शिकल्याली मान्सं. त्यातल्या येकाला बी वाटलं न्हाई का, त्या बाईचं घरचं काम कोन करंल म्हनून?"

ती रागानं बोलत नव्हती. खरोखरच विचारत होती, राजाच्या बायकोचं विचारायची तसं. सरांनी चष्मा काढला, पँटीला पुसला, पुन्हा घातला. चहा तसाच राहिला. निघताना त्यांनी माझ्या हातात नागरिकशास्त्राचं पुस्तक दिलं, शाळेचं नव्हे, त्यांचं स्वतःचं, पेन्सिलीनं खुणा केलेलं. "वाचत राहा," म्हणाले.

श्रीगोंद्याकडच्या उसाच्या फडात मी पहिले आठ दिवस फक्त हातांकडं बघत होते. उसाचं पान दिसतं मऊ आणि कापतं पात्यासारखं. अंगभर उसाची कुसळासारखी बारीक कूस घुसायची, घाम आला की ती पेटायची. आण्णा पुढं तोडत जायचे, मी मागं पाचट सोलून ऊस गोळा करायची, वाढ्याचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्याचा, पिळा करून मोळी बांधायची आणि डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत न्यायची. आण्णा माझ्यासाठी मोळी लहान बांधायला लावत, त्यामुळं आमची गाडी सगळ्यांच्या मागं भरायची आणि मुकादम येता-जाता म्हणायचा, "काय वो, सरपंचीणबाईंनी धाकट्या मालकीणबाई धाडल्या का?" लोक हसायचे. आण्णा खाली मान घालून तोडत राहायचे. पाचटाच्या झोपडीत, कोपीत, आम्ही दोघं राहायचो. भाकऱ्या मी करायची, जळक्या, जाड. आण्णा प्रत्येक भाकरीला "झ्याक झाली" म्हणायचे. सरांचं पुस्तक पेटीत कपड्यांच्या तळाशी होतं. ते मी एकदाही उघडलं नाही. हात उघडायच्या स्थितीत नसायचे, हे एक कारण. दुसरं कारण असं की त्यातल्या मजकुराचा मला राग यायला लागला होता.

पौषाच्या थंडीत, फडातच, मला पहिल्यांदा पाळी आली. मला वाटलं कुठं तरी कापलंय. आण्णांना सांगणार कसं, म्हणून मी मोळ्या वाहत राहिले. शेवटी शेजारच्या कोपीतल्या एका म्हाताऱ्या बाईच्या लक्षात आलं. तिनं मला उसाच्या आडोशाला नेलं, स्वतःचं जुनं लुगडं फाडून दिलं, कसं घ्यायचं ते दाखवलं आणि विचारलं, "माय कुठं हाय गं तुझी?" मी म्हटलं, गावाला. "मेली का जित्ती?" मी म्हटलं, सरपंच हाय. तिला ते कळलं नाही. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, पोरक्या पोरीच्या फिरवावा तसा. त्या दिवशी मी आईवर जेवढी चिडले तेवढी पुढं कधी चिडले नाही.

मध्ये एकदा गावाकडून आलेल्या माणसाबरोबर चिठ्ठी आली. अक्षर छबीचं, बोलणं आईचं. आईनं पंचायतीत ठराव करून घेतला होता, की ज्यांचे आईबाप तोडीला गेलेत त्या पोरींना राहायला समाजमंदिराची मागची खोली द्यायची. वस्तीवरच्या दोन म्हाताऱ्या त्यांना रांधून घालतील. माझ्या वर्गातल्या चौघींची नावं होती त्यात. त्या परत शाळेत जाऊ लागल्या होत्या. शेवटी लिहिलं होतं, 'मंदीनं जेवत जावं.' मी चिठ्ठी आण्णांना वाचून दाखवली. ते आधी हसले, म्हणाले, "केलं बग तिनं!" मग माझ्याकडं बघितलं आणि उठून कोपीबाहेर गेले.

आम्ही परतलो तेव्हा आई ओळखू येत नव्हती, इतकी वाळली होती. गावातल्या गिरणीवाल्यानं तिचं दळण घेणं बंद केलं होतं. नाही म्हणायचा नाही, फक्त आईचा डबा कायम शेवटी, आणि शेवटी आला की लाइट गेलेली. ती डोक्यावर दळण घेऊन शेजारच्या गावाला जायची. ओढ्यावर फरशी पडलेली नव्हती. खोली मात्र होती. मी बघायला गेले. अकरा पोरी ओळीनं बसून आमटी-भाकरी खात होत्या. त्यातल्या एकीनं, माझ्याच बाकावर बसायची ती, सरकून मला जागा केली. मी बसले नाही.

जूनमध्ये शाळेत गेले तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, हजेरी भरत नाही, नववीत पुन्हा बस. मी बसले, माझ्याहून लहान पोरींमध्ये. तीन महिने. मग अंगणात कानस वाजायला लागली. एका सकाळी मी उठले तर आई माझे कपडे घड्या घालून पत्र्याच्या पेटीत ठेवत होती. तिनं वर बघितलं नाही. मी जाऊन पेटीच्या दुसऱ्या बाजूला बसले आणि माझ्या ओढण्या तिच्या हातात देऊ लागले.

आई पाच वर्षं सरपंच राहिली. मी पाच हंगाम ऊस तोडला. चौथ्या वर्षी ओढ्यावर फरशी पडली. आईवर अविश्वास आणायचे दोन डाव फसले, दुसऱ्या वेळी तात्यांची थोरली भावजयच नवऱ्याला बाहेर बसवून आईच्या बाजूनं उभी राहिली. छबी त्या खोलीत अभ्यास करत वाढली, दहावी झाली, पुढं नर्सिंगला गेली, आज नगरला दवाखान्यात मोठ्या जागेवर आहे. आईचं नाव निघालं की छबीचे डोळे भरतात. अशी आई कुणाला मिळत नाही, म्हणते. मी मान डोलावते. तिचं खरंच आहे. मी दहावी झाले ती लग्नानंतर कितीतरी वर्षांनी, सतरा नंबरचा फॉर्म भरून, बाहेरून बसून, दोन लेकरं मांडीवर घेऊन.

पाच वर्षांनी ते पद दुसऱ्या कुणाला सुटलं आणि तात्यांच्या घरात परत गेलं. त्याच हिवाळ्यात समाजमंदिराच्या खोलीत खताच्या गोण्या लागल्या. माझं लग्न उन्हाळ्यात झालेलं होतं, अर्थात ऊसतोडीतल्याच घरात. माझ्या हाताला सवय आहे ही माझी सगळ्यात मोठी जमेची बाजू होती. दसऱ्यानंतर आमची टोळी श्रीगोंद्याकडं गेली तेव्हा त्याच टोळीत आई-आण्णांचा कोयता होता. पाच वर्षांनी आई फडात उतरली. मुकादम तोच. "या, सरपंच," म्हणाला. आईनं पदर खोचला आणि मोळी बांधायला वाकली. तिचे हात मऊ पडले होते. दुपारपर्यंत फोड आले.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघी बांधावर बसलो. मी माझ्या फडक्याची चिंधी काढून तिच्या बोटांना गुंडाळत होते. पाच वर्षांत जे विचारलं नव्हतं ते तोंडातून गेलं.

"आई, पुन्हा तशी येळ आली तर पुन्हा हुशील का सरपंच?"

तिनं वेळ लावला नाही. "व्हय."

मी चिंधीची गाठ मारत होते. ती माझ्याकडं बघत होती, सरळ, डोळ्याला डोळा देऊन. मग हळू आवाजात म्हणाली, "आन् तुला बी पुन्हा धाडलं असतं, मंदे. खोटं कशाला बोलू."

मी गाठ पुरी केली. दुसरा हात पुढं करायला सांगितलं, त्याही बोटांना चिंधी बांधली. मुकादमानं हाक दिली तशी उठले. तिनं मोळी उचलून माझ्या डोक्यावर दिली, आणि मी मागं न बघता गाडीकडं चालू लागले.